‘विदाउट प्रेज्युडिस’ म्हणजे ‘पूर्वग्रहाशिवाय’ नव्हे! पत्रात हे दोन शब्द कुठे लिहायचे आणि कुठे नाही?

विमा कंपनीचं पत्र येतं, बिल्डरच्या वकिलाची नोटीस येते, नोकरी सोडल्यावर कंपनीचा हिशेबाचा ईमेल येतो. सगळ्यात वर, ठळक अक्षरात किंवा खाली रेघ ओढून दोन इंग्रजी शब्द असतात : ‘विदाउट प्रेज्युडिस’. वाचणारा थोडा बिचकतो. मग उत्तर लिहायला बसतो तेव्हा तोही आपल्या पत्राच्या डोक्यावर तेच दोन शब्द चढवतो. त्यांनी लिहिलंय म्हणजे आपणही लिहिलेलं बरं, हा त्यामागचा हिशेब.

अर्थ शोधायला मोबाईल उघडला तर गोंधळ वाढतो. भाषांतराचं अ‍ॅप ‘पूर्वग्रहाशिवाय’ असं सांगून मोकळं होतं. आता घरमालकाने डिपॉझिट परत करताना ‘पूर्वग्रहाशिवाय’ असं का लिहावं? त्याच्या मनात काही आकस नाही, हे त्याला सांगायचंय का?

तसं अजिबात नाही. हे शब्द नेमके कुठे बसतात हे माहीत नसेल तर हक्काचे पैसे अडकू शकतात. काही वेळा ते न लिहिल्यामुळे, आणि काही वेळा ते लिहिल्यामुळेच.

एकाच शब्दाचे दोन अर्थ

‘प्रेज्युडिस’ हा शब्द लॅटिनमधून आला. ‘प्राय’ म्हणजे आधी आणि ‘युदिकियुम’ म्हणजे निवाडा. आधीच करून टाकलेला निवाडा. यातून दोन अर्थ फुटले. एक रोजच्या बोलण्यातला : एखाद्याबद्दल आधीच मत बनवून ठेवणं, म्हणजे पूर्वग्रह. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला प्रेज्युडिस तो हाच. दुसरा कायद्यातला : आधीच्या एखाद्या कृतीमुळे किंवा निर्णयामुळे कुणाच्या हक्काला पोहोचणारी बाधा.

दोन्ही अर्थ ओळखायची एक सोपी खूण इंग्रजीतच आहे. पूर्वग्रह असेल तर ‘प्रेज्युडिस’नंतर ‘अगेन्स्ट’ येतो. एखाद्या जातीविरुद्ध, गावाविरुद्ध, माणसाविरुद्ध. हक्काला बाधा असेल तर ‘टू’ येतो. ‘विदाउट प्रेज्युडिस टू माय राइट्स’ म्हणजे माझ्या हक्कांना बाध न येता. पत्राच्या डोक्यावर दोनच शब्द दिसतात तेव्हाही हा ‘टू’ तिथे न लिहिता बसलेला असतो.

गंमत म्हणजे यासाठी मराठीत नेमका शब्द कधीपासून आहे. महाराष्ट्राच्या कायद्यांची आणि नियमांची मराठी आवृत्ती उघडली की ‘यास बाध न येता’ किंवा ‘बाध न आणता’ हे शब्द हमखास भेटतात. सरकारी मराठीला सगळेच नावं ठेवतात, पण इथे तिने अ‍ॅपपेक्षा कितीतरी चांगलं भाषांतर करून ठेवलं आहे.

आणि ‘बाध न येता’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : कशाला बाध न येता? या शब्दांचा योग्य वापर त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो. तुमच्या पत्रात त्याचं उत्तर असेल तर शब्द काम करतात. नसेल तर ते नुसते शोभेला उरतात, किंवा उलटतात.

पहिलं काम : तडजोडीची बोलणी

समजा, घराच्या दुरुस्तीवरून मालक आणि कंत्राटदार यांच्यात वाजलं. कंत्राटदार म्हणतो, अजून तीन लाख येणं आहे. मालक म्हणतो, एक लाखाच्या वर एक पैसा देणार नाही, काम निकृष्ट झालंय. वर्षभर कोर्टात खेटे घालण्यापेक्षा मिटवून टाकू, असा विचार करून मालक पत्र लिहितो : ‘दोन लाख देतो, विषय संपवा.’

कंत्राटदाराला ते मान्य होत नाही. तो दावा लावतो आणि तेच पत्र न्यायाधीशांसमोर ठेवतो. ‘बघा साहेब, दोन लाख तर यांनी स्वतःच कबूल केलेत. आता वाद फक्त उरलेल्या एका लाखाचा.’

असं व्हायला लागलं तर कुणी तडजोडीसाठी तोंडच उघडणार नाही. म्हणून इंग्लंडमधल्या न्यायालयांनी नियम घालून दिला : वाद मिटवण्यासाठी मनापासून केलेल्या बोलण्यात जे देऊ केलं जातं, ते बोलणी फिसकटल्यावर पुरावा म्हणून वापरता येत नाही. ‘विदाउट प्रेज्युडिस’ ही त्या बोलण्यांवरची खूणचिठ्ठी.

१८८९ साली ‘वॉकर विरुद्ध विल्शर’ या खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने याचा अर्थ उलगडून सांगितला. मी मांडलेल्या अटी मान्य झाल्या नाहीत, तर या पत्रामुळे माझ्या बाजूला बाध येऊ नये, असा त्याचा आशय. पण समोरच्याने अटी मान्य केल्या तर तो पक्का करार होतो. मग ‘मी तर विदाउट प्रेज्युडिस लिहिलं होतं’ असं म्हणून मागे फिरता येत नाही. हा दुसरा भाग लोक विसरतात. तडजोडीचं पत्र लिहून ठेवायचं आणि समोरचा ‘हो’ म्हणाला की हात झटकायचे, याची सोय या शब्दांत नाही.

भारतात हेच तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २३ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ते कलम २१ मध्ये गेलं. दिवाणी प्रकरणात एखादी कबुली ‘याचा पुरावा द्यायचा नाही’ अशा स्पष्ट अटीवर दिली असेल, किंवा दोन्ही बाजूंचं तसं ठरलं होतं असं परिस्थितीवरून दिसत असेल, तर ती पुरावा म्हणून चालत नाही. ‘दिवाणी’ हा शब्द नजरेतून सुटू देऊ नका. फौजदारी प्रकरणात हे कलम कामाला येत नाही.

कायद्यात ‘स्पष्ट अट’ म्हटलंय, ‘इंग्रजी शब्द’ म्हटलेलं नाही, हेही लक्षात घेण्यासारखं आहे.

शिक्का मारला म्हणजे संरक्षण मिळालं, असं नाही

इथे सर्वात मोठा गैरसमज आहे. वरती दोन शब्द टाकले की खालचं सगळं पत्र कवचात गेलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. न्यायालय मात्र पत्राचं डोकं नाही, पोट बघतं. आत तडजोडीची बोलणी असतील तर वर शिक्का नसला तरी संरक्षण मिळू शकतं. आणि आत बोलणी नसतीलच, तर शिक्का कितीही मोठ्या अक्षरात असला तरी उपयोग नाही.

ब्रिटनमध्ये २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर असंच प्रकरण आलं. एका कर्जदाराच्या वतीने कर्ज देणाऱ्या संस्थेला पत्रं गेली होती. आशय असा की एवढी रक्कम झेपत नाही, थोडी सवलत द्या. पुढे मुदतीचा मुद्दा निघाला तेव्हा ‘ही तर तडजोडीची पत्रं, ती वापरता येणार नाहीत’ असा बचाव झाला. न्यायालयाने तो मानला नाही. कर्ज आहे की नाही, किती आहे, याबद्दल वादच नव्हता. वाद नाही तर तडजोड कसली? ती पत्रं कर्जाची कबुली ठरली.

याच्या बरोबर उलट गोष्ट २००९ सालची. लंडनमधल्या एका घरात एक कुटुंब वर्षानुवर्षं राहत होतं, आणि मालकीवरून खटला सुरू होता. त्या दरम्यान राहणाऱ्यांनी ‘विदाउट प्रेज्युडिस’ पत्र लिहून घर विकत घ्यायची तयारी दाखवली होती. विकत घ्यायला निघालात म्हणजे मालकी आमची हे मान्यच केलंत, असं मालक पुढे म्हणाले. पण ते पत्र खऱ्या वादातल्या खऱ्या तडजोडीचं होतं. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते पुराव्यात येऊ दिलं नाही, आणि मालकांच्या हातून घर गेलं.

आपल्याकडे पैसे येणं असलेल्यांनी या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १८ नुसार, मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून लेखी कबुली दिली तर मुदत नव्याने मोजली जाते. उसने पैसे घेतलेला माणूस ‘देतो हळूहळू’ असं पत्र देत असेल आणि त्याच्या डोक्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ असेल, तर त्या पत्राच्या भरवशावर मुदत उलटू देणं म्हणजे वादाला आमंत्रण. साधी, शिक्का नसलेली कबुली मागून घ्यावी.

आणखी एक. या शब्दांच्या आडून धमकी देता येत नाही. ‘पैसे नाही दिलेत तर खोटी तक्रार करीन’ असं लिहून वर ‘विदाउट प्रेज्युडिस’ टाकलं, तर ते पत्र झाकलं जात नाही. तडजोडीचं संरक्षण गैरवापराला मिळत नाही, हे इंग्लंडच्या न्यायालयांनी वारंवार सांगितलंय.

आता ते कुठे उलटतं ते पाहा. ग्राहक मंचाकडे जाण्याआधी कंपनीला नोटीस पाठवायची आहे. चेक वटला नाही म्हणून पैसे मागणारी नोटीस पाठवायची आहे. सोसायटीला गळतीबद्दल लेखी तक्रार द्यायची आहे. या कागदांचा उपयोगच पुढे दाखवण्यासाठी असतो. ‘मी अमुक तारखेला कळवलं होतं’ हे त्यातून सिद्ध करायचं असतं. अशा कागदावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ टाकणं म्हणजे हा कागद पुराव्यात धरू नका, असं म्हणायची संधी समोरच्याला आपल्याच हाताने देणं. न्यायालय पोट बघेल हे खरं, पण ते बघेपर्यंतचा वाद फुकट ओढवून घ्यायचा कशाला?

म्हणून सराईत वकील दोन वेगळी पत्रं लिहितात. एकात मागणी, तारखा, आकडे. त्यावर शिक्का नाही. दुसऱ्यात ‘मिटवायचं असेल तर एवढ्यावर मिटवू’. त्यावर शिक्का. एकाच पत्रात दोन्ही कोंबलं की कुठला भाग झाकलेला आणि कुठला उघडा, यावरच भांडण सुरू होतं.

ब्रिटनमध्ये यातूनच आणखी एक प्रकार निघाला. १९७५ च्या ‘कॅल्डरबँक विरुद्ध कॅल्डरबँक’ या घटस्फोटाच्या खटल्यात पत्नीने देऊ केलेला प्रस्ताव पतीने नाकारला आणि शेवटी न्यायालयाने त्याला त्याहून कमी दिलं. मग खटल्याचा खर्च कुणी सोसायचा? तेव्हापासून ‘विदाउट प्रेज्युडिस सेव्ह अ‍ॅज टू कॉस्ट्स’ ही लांबलचक शब्दावली रूढ झाली. म्हणजे निकाल लागेपर्यंत हे पत्र दाखवायचं नाही, पण खर्चाचा मुद्दा निघाला की दाखवायचं. परदेशी कंपनीशी पत्रव्यवहार करणाऱ्यांना हे शब्द दिसतात. ते साध्या ‘विदाउट प्रेज्युडिस’पेक्षा वेगळे आहेत, एवढं कळलं तरी पुरे.

दुसरं काम : पैसे घ्यायचे, पण हक्क सोडायचा नाही

सामान्य माणसाला खरी गरज पडते ती इथे.

पाच लाख येणं असताना दोन लाखांचा चेक येतो. सोबतच्या पत्रात लिहिलेलं असतं की ही रक्कम ‘फुल अँड फायनल’, म्हणजे संपूर्ण आणि अंतिम. पैशांची निकड असते. माणूस विचार करतो, हे दोन तर घेऊ, बाकीच्यासाठी नंतर भांडू.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ‘भगवती प्रसाद पवन कुमार विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात नेमका हाच प्रश्न सोडवला. व्यापाऱ्याने रेल्वेकडे मालाबद्दल भरपाई मागितली होती. रेल्वेने मागणीपेक्षा कमी रकमेचे चेक पाठवले आणि पत्रात स्पष्ट कळवलं की हा प्रस्ताव मान्य नसेल तर चेक लगेच परत करा, ठेवून घेतलात किंवा वटवलात तर संपूर्ण दाव्यापोटी मान्य केलं असं धरलं जाईल. व्यापाऱ्याने चेक वटवले आणि उरलेल्या रकमेसाठी दाद मागितली.

तो हरला. न्यायालयाचं म्हणणं असं : प्रस्तावातच मान्यतेची रीत सांगितली होती, चेक वटवणं हीच ती रीत, आणि व्यापाऱ्याने तेच केलं. चेक वटवण्याआधी आपण हरकत कळवली होती, हे त्याला दाखवता आलं नाही. तशी हरकत आधी गेली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पैसे खात्यात जमा झाल्यावर लिहिलेल्या हरकतीला अर्थ उरत नाही.

म्हणजे शब्दांइतकीच वेळ महत्त्वाची. ‘माझ्या उर्वरित दाव्यास बाध न येता ही रक्कम अंशतः स्वीकारण्यास तयार आहे, मान्य आहे का कळवा’ हे आधी जायला हवं. समोरच्याने ‘अंतिम’ अशी अट घातलेली असताना नुसतं चेकच्या मागे ‘विदाउट प्रेज्युडिस’ खरडून तो बँकेत टाकणं हा जुगार आहे.

भूसंपादनात तर हा प्रश्न कायद्यातच लिहून ठेवलाय. तिथे शब्द वापरतात ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत नोंदवून. १८९४ च्या कायद्यात कलम ३१ मध्ये होतं, २०१३ च्या कायद्यात ते कलम ७७ मध्ये आहे : मोबदला अपुरा आहे अशी हरकत नोंदवून शेतकरी रक्कम घेऊ शकतो, पण ज्याने हरकत न नोंदवता रक्कम घेतली त्याला वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येत नाही. धरण, रस्ता, औद्योगिक वसाहत, कशासाठीही जमीन गेली तरी त्या कायद्याखालच्या मोबदल्याला हीच अट. पावतीवर दोन शब्द नसणं किती महाग पडू शकतं, याचं यापेक्षा ठळक उदाहरण नाही.

न्यायालयं इथेही थोडी उदार झाली आहेत. १९९४ साली ‘अजित सिंग विरुद्ध पंजाब सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वाढीव मोबदल्यासाठी अर्ज केला आहे, यातूनच हरकत दिसून येते. पण तो निकाल हाती धरून पावतीवर कोरी सही करू नये. अर्जाची मुदत वेगळी असते, ती चुकली तर काहीच हाती राहत नाही. पावतीवरची एक ओळ फुकट असते.

विम्याचंही तसंच. दावा मंजूर झाल्यावर कंपनी ‘डिस्चार्ज व्हाउचर’वर सही मागते : अमुक रक्कम मिळाली, आता काही येणं नाही. २००८ साली ‘नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघरा पॉलिफॅब’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फरक केला. राजीखुशीने सही केली असेल तर वाद संपला. दबावाखाली, सही केल्याशिवाय पैसेच मिळणार नाहीत अशा स्थितीत घेतलेली असेल, तर वाद जिवंत राहू शकतो. मात्र दबाव होता हे सिद्ध करायचं ओझं सही करणाऱ्यावर. त्याच दिवशी पाठवलेला एक ईमेलसुद्धा तेव्हा फार मोलाचा ठरतो.

फ्लॅटचा ताबा घेतानाही हा पेच येतो. बिल्डरने उशीर केलाय, पण ताबा हवा असेल तर ‘माझी काही तक्रार नाही’ यावर सही करा. बेंगळुरूमधल्या एका गृहप्रकल्पाच्या खटल्यात ग्राहकांना हेच ऐकवलं होतं की खरेदीखत करताना कुठलीही हरकत किंवा राखीव हक्क लिहिलेला चालणार नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते अन्याय्य ठरवलं. उशिराची भरपाई मागायची म्हणून खरेदीखत लांबवत बसा, अशी अपेक्षा ग्राहकाकडून ठेवता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

तिसरं काम : कायद्याच्या मजकुरात

जवळपास प्रत्येक कायद्याच्या शेवटी सरकारला नियम करायचा अधिकार देणारं कलम असतं. त्यात ‘विदाउट प्रेज्युडिस टू द जनरॅलिटी’ असे शब्द येतात आणि पुढे यादी. अर्थ एवढाच की ही यादी नमुन्यादाखल आहे, तिच्यामुळे मूळ व्यापक अधिकार आकसत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९४५ मध्ये ‘किंग एम्परर विरुद्ध सिबनाथ बॅनर्जी’ या प्रकरणात तसं स्पष्ट केलं. ‘कशाला बाध न येता’ याचं उत्तर इथे ‘आधी दिलेल्या व्यापक अधिकाराला’ असं आहे. रोजच्या पत्रात हे वापरायची वेळ येत नाही, पण बातमीत जीआर किंवा कायदा वाचताना अडखळायला नको.

आणि बातम्यांमधलं ‘विथ प्रेज्युडिस’?

अमेरिकेच्या बातम्या वाचणाऱ्यांना याचा उलटा भाऊही भेटतो. खटला ‘विदाउट प्रेज्युडिस’ काढून टाकला म्हणजे तो पुन्हा दाखल करायची वाट मोकळी. ‘विथ प्रेज्युडिस’ काढला म्हणजे दार कायमचं बंद.

न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर एरिक अ‍ॅडम्स यांच्या प्रकरणात सगळा खेळ या एका शब्दावर होता. त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप होते. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या न्याय विभागाने खटला मागे घ्यायचं ठरवलं, पण ‘विदाउट प्रेज्युडिस’. म्हणजे वाटेल तेव्हा पुन्हा उकरून काढता येईल असा. तसं झालं असतं तर केंद्र सरकारच्या स्थलांतर धोरणाला साथ देण्यावर महापौरांचं स्वातंत्र्य टांगलेलं आहे, असं चित्र उभं राहिलं असतं. न्यायाधीश डेल हो यांनी २ एप्रिल २०२५ रोजी खटला काढून टाकला, पण ‘विथ प्रेज्युडिस’. टांगती तलवार ठेवली नाही.

भारतातही आदेशातले हे शब्द असेच वाचतात. केंद्रीय अबकारी खात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितलं की आदेशात ‘विदाउट प्रेज्युडिस’ म्हटलं असेल तर त्याचा अर्थ मूळ मुद्द्यावर निवाडा झालेला नाही आणि कायद्यानुसार नव्याने कारवाई करायला आडकाठी नाही.

अमेरिकेतूनच या शब्दांचा एक विचित्र अवतार सोशल मीडियावर आला. तिथल्या व्यापारी संहितेत १-३०८ क्रमांकाचं कलम आहे. करार पाळताना हक्क राखून ठेवायचे असतील तर ‘विदाउट प्रेज्युडिस’ किंवा ‘अंडर प्रोटेस्ट’ असे शब्द पुरतात, इतकंच ते सांगतं. पण सहीसोबत हा आकडा लिहिला की सरकारचा कायदाच आपल्याला लागू होत नाही, असं मानणारे लोक तिथे आहेत. २०१२ च्या सुमारास फेसबुकवर फिरलेली ती ‘माझे फोटो वापरायला मी परवानगी देत नाही’ ही घोषणा आठवते? त्यातही हाच आकडा आणि सोबत रोम करार घुसडलेला होता. युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाचा करार आणि लग्नातले फोटो यांचा संबंध काय, हे कुणी विचारलं नाही. खातं उघडताना मान्य केलेल्या अटी भिंतीवर पोस्ट टाकून बदलत नाहीत.

वाक्य कसं बांधायचं?

या शब्दांच्या वाक्यात दोन गोष्टी लागतात : मी काय करतोय आणि कुठला हक्क राखतोय. उदाहरणार्थ, ‘विदाउट प्रेज्युडिस टू माय क्लेम फॉर द बॅलन्स, आय अ‍ॅक्सेप्ट धिस अमाउंट अ‍ॅज पार्ट पेमेंट.’ उरलेल्या रकमेवरचा दावा कायम ठेवून ही रक्कम अंशतः घेतो. दोन्ही बाजू भरलेल्या आहेत.

याउलट ‘विदाउट प्रेज्युडिस टू माय राइट्स, द अमाउंट इज टू लो’ हे वाक्य इंग्रजी म्हणून खपेल, पण पोकळ आहे. रक्कम कमी आहे असं म्हणण्याने कुठलाच हक्क धोक्यात येत नव्हता, मग वाचवलं काय?

‘टू’च्या जागी ‘ऑफ’ लिहिलेलं सर्रास दिसतं, ते चूक. मध्ये ‘एनी’ घालून ‘विदाउट एनी प्रेज्युडिस’ असं एकटंच लिहिलं तर वाचणाऱ्याला ‘मनात आकस न ठेवता’ असा अर्थ लागतो, म्हणजे फिरून पूर्वग्रहावरच. नोकरीच्या अर्जात, रजेच्या अर्जात किंवा शाळेला लिहिलेल्या विनंतीपत्रात तर हे शब्द नकोतच. तिथे वादच नाही. साध्या विनंतीवर ते लिहिले की समोरच्याला वाटतं, आता हा कोर्टात जाणार.

इंग्रजी जमत नसेल तर हट्ट करायचं काही कारण नाही. तडजोडीच्या पत्रावर ‘हा प्रस्ताव केवळ तडजोडीसाठी असून कोणत्याही कार्यवाहीत पुरावा म्हणून वापरता येणार नाही’ असं लिहिलं तर कायद्याला हवी ती स्पष्ट अट पूर्ण होते. मोबदल्याच्या पावतीवर ‘रक्कम अपुरी असल्याची हरकत नोंदवून व वाढीव मोबदल्याच्या हक्कास बाध न येता स्वीकारली’ एवढं पुरतं. ही ओळ सहीच्या वर, सही करण्याआधी, स्वतःच्या हाताने लिहायची. खाली तारीख टाकायची, आणि पावती परत देण्याआधी मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवायचा.